ठिणगी : एक परीक्षण

मराठी माणसाला पुस्तक न वाचता त्याचं परीक्षण लिहिता येतं, नाटक न पाहता ते पडलं हे सांगता येतं आणि लग्नात न जेवता मठ्ठा पातळ होता असं छातीठोकपणे म्हणता येतं. मीही त्याच परंपरेतला. गेली तीस वर्षं साताऱ्यात बसून मी कवितासंग्रहांची परीक्षणं लिहीत आलो आहे. ‘कवीकडून अपेक्षा वाढल्या आहेत’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की, आता ते माझ्या हातून किराणा मालाच्या यादीच्या शेवटीसुद्धा उमटेल. पण मोटारीच्या स्पार्क प्लगचं परीक्षण करायची वेळ आपल्यावर येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. कवितासंग्रह एक तर फुकट येतो, आणि तो वाईट निघाला तरी घाटात बंद पडत नाही.

आमच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ‘आमच्याकडे’ म्हणतो खरा, पण ती माझी नव्हे. ती सांगलीच्या अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. काचबिंदूनं अण्णांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “जावईबापू, मुलगी देताना मी एवढा विचार केला नव्हता.” सौ. शेजारीच उभी होती. तिनं मान डोलावली.

किल्लीबरोबर एक वहीही मिळाली. तीत १९८४ पासूनचं प्रत्येक ऑइल, प्रत्येक पंक्चर आणि प्रत्येक प्लग तारीख-किलोमीटरसकट नोंदलेला. अट एकच होती : वर्षातून दोनदा, संक्रांतीला आणि गणपतीत, गाडी सांगलीला दाखवायला आणायची. मुलगी आणली नाही तरी चालेल, असं ते म्हणाले नाहीत, पण मला तसं ऐकू आलं.

तसं पाहिलं तर पद्मिनीचं आणि सांगलीचं नातं अण्णांच्याही आधीचं. फियाट ११०० ह्या इटालियन घराण्यातली ही गाडी १९७४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात ‘पद्मिनी’ नावानं तयार होऊ लागली. तो कारखाना ज्या प्रीमियर कंपनीचा, ती १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढली. आणि सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, जे १९४७ साली सुरू झालं, त्याला १९५५ पासून नाव आहे ते ह्याच वालचंदांचं. त्यामुळे पद्मिनी सांगलीत आली की माहेरवाशिणीसारखी वागते. म्हणजे तिथं गेल्यावरच तिची सगळी दुखणी बाहेर पडतात.

ह्या वेळी मात्र दुखणं सासरीच सुरू झालं. पावसाळ्यात पाहुण्यांना घेऊन कासला निघालो होतो. यवतेश्वरचा घाट चढताना गाडीनं उचकी दिली. मग दुसरी दिली. सपाटीवर गप्प, चढ आला की उचकी. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, “कोणीतरी आठवण काढतंय.” मला वाटतं, गॅरेजवालाच काढत असावा.

गॅरेजमधला मुलगा हुशार होता. त्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटं आत पाहिलं; आपण मोडी लिपीतल्या कागदाकडे पाहतो तसं. मग विचारलं, “सर, ह्याला स्कॅनर कुठं लावायचा?” आता त्याचीही चूक नाही. नव्या गाड्यांत बहुधा प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच त्याची स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. आमच्या पद्मिनीत कॉइल एकच. ती बॅटरीच्या १२ व्होल्टचे दहा-पंधरा हजार व्होल्ट करते, ते डिस्ट्रिब्युटरकडे जातात, आणि डिस्ट्रिब्युटर ते चार वायरींतून चार प्लगांना पाळीपाळीनं वाढतो. म्हणजे एक स्वयंपाकीण, एक वाढपी आणि चार जेवणारे अशी ही एकत्र कुटुंबपद्धती. विभक्त कुटुंबात वाढलेल्या पोराला ती कळायची कशी?

“सर, मिसिंग मारतीय. सगळे प्लग बदला,” तो म्हणाला.

“कुठले घालू?”

“चांगले घाला.”

समीक्षेच्या इतिहासात इतका बिनतोड निकष दुसरा सापडणार नाही. मी स्वतः तो तीस वर्षं वापरला आहे.

दुकानात गेलो. काउंटरवर तीन खोकी आली. दुकानदार म्हणाले, “साधा, प्लॅटिनम, इरिडियम. बोला.” मी प्रत्येक खोक्यावरचा मजकूर वाचला. मलपृष्ठावरच्या मजकुरात आणि ह्यात भाषेचा काहीही फरक नव्हता. प्रत्येक प्लग युगप्रवर्तक होता. तेव्हा वाचकांच्या सोयीसाठी तिन्हींचं तौलनिक परीक्षण इथंच उरकून घेतो.

साधा प्लग म्हणजे निकेलच्या मिश्रधातूच्या टोकाचा. बाजारात ह्याला पुष्कळदा ‘कॉपर’ म्हणतात. तांबं असतं ते पोटात, उष्णता वाहून न्यायला. तोंडाशी निकेलच. ही आपली जुनी कौटुंबिक कादंबरी. किंमत कमी, भाषा सोपी, वीसेक हजार किलोमीटर निमूटपणे चालते. वाईट एवढंच की, ठिणगी पडून पडून टोक झिजतं, फट वाढते आणि मग ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात.

प्लॅटिनम म्हणजे पारितोषिक मिळालेली कादंबरी. टोक कमी झिजतं, जास्त टिकतं, किंमतही पारितोषिकाला साजेशी.

इरिडियमची गोष्ट न्यारी. हा धातू २,४०० अंशांच्या वर वितळतो, म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडते. टिकाऊपणा लाखभर किलोमीटरचा. पृथ्वीच्या कवचात इरिडियम अगदी थोडं, उल्कांमध्ये बरंच जास्त. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या मातीच्या एका पातळ थरात ते नको इतकं सापडलं, म्हणून १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की, एक प्रचंड अशनी आदळला आणि डायनोसॉर त्यात गेले. आमचा अजिंक्यतारा ज्या काळ्या दगडाचा आहे तो लाव्हाही साधारण त्याच सुमारास ओतला जात होता. एवढा इतिहास असलेली वस्तू खोक्यात समोर असताना साधा प्लग मागायचा म्हणजे पंक्तीत श्रीखंड सोडून ताक मागण्यासारखं. एका इरिडियमच्या पैशांत साधे चार-पाच आले असते. मी चार इरिडियम घेतले.

घरी येऊन हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की, पद्मिनी वर्षाला फार तर तीन हजार किलोमीटर चालते. म्हणजे लाख किलोमीटरला तेहतीस वर्षं. माझं वय पाहता ते प्लग माझ्या श्राद्धाला सहज पोचले असते.

तरी दुकानातलं अर्धंच सांगितलं. प्लगचा नंबर सांगायचा राहिला. प्लग नुसता चांगला असून भागत नाही, तो गाडीच्या प्रकृतीला मानवावा लागतो. आट्यांची जाडी आणि लांबी तर जुळलीच पाहिजे, कारण लांब प्लग आत जाऊन पिस्टनला डोकं आपटतो. पण त्याशिवाय प्लग ‘गरम’ असतो किंवा ‘थंड’ असतो. ज्याच्या चिनी मातीचं नाक लांब, त्याची उष्णता सावकाश बाहेर जाते, तो गरम. नाक आखूड, तो थंड. गावातल्या गावात रमतगमत चालणाऱ्या गाडीला गरम प्लग लागतो, नाहीतर नाकावर काजळी धरते. सुसाट जाणाऱ्या गाडीला थंड लागतो, नाहीतर नाक इतकं तापतं की, ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. नाक साडेचारशे ते साडेआठशे अंशांच्या दरम्यान राहिलं पाहिजे. तेवढ्यात ते स्वतःची काजळी स्वतः जाळतं. हे सगळं मी नंतर सासूबाईंना समजावून सांगितलं, तर त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. “म्हणजे गाडीला उष्ण पडलंय की थंड बाधलंय, एवढंच ना?” त्या म्हणाल्या. बाकी त्यांचा सब्जाचा उपाय मी गाडीवर करून पाहिला नाही.

हा गरम-थंडपणा नंबरावरून ओळखायचा असतो, आणि इथं भल्याभल्यांची भंबेरी उडते. पूर्वी आपल्याकडे प्लग म्हणजे मायकोचा. ही कंपनी १९५१ साली बंगळुरात सुरू झाली, बॉशच्या सहकार्यानं. २००८ साली तिचं नावच बॉश झालं, तरी आमच्याकडे अजून लोक मायकोचाच प्लग मागतात. तर त्या घराण्याच्या जुन्या पद्धतीत १४५, १७५, २२५ असे आकडे. आकडा मोठा तितका प्लग थंड. पुढं पद्धत बदलली. १७५ चा ७ झाला, २२५ चा ५ झाला, आणि आकडा मोठा तितका प्लग गरम, असं उलटं झालं. एनजीकेच्या प्लगांत मात्र अजूनही आकडा मोठा तितका थंड. म्हणजे एका कंपनीचा ७ काढून दुसऱ्या कंपनीचा ७ घातला, तर तो एक आहे असं मानायला काही आधार नाही. शेवटी मी अण्णांची वही उघडून जुना नंबर दाखवला. दुकानदारांनी तक्त्यात पाहून जोडीचा नंबर दिला. परीक्षकानं स्वतःच्या बुद्धीनं केलेलं असं ह्यात काहीच नव्हतं, आणि म्हणूनच एवढं एक काम बरोबर झालं.

“वायरी?” दुकानदारांनी विचारलं. तांबड्याभडक सिलिकॉनच्या जाडजूड वायरी त्यांनी पुढं केल्या. मी खिशाचा अंदाज घेतला आणि म्हणालो, “वायरीला काय होतंय?”

ह्या एका वाक्याची किंमत पुढं कळली.

प्लग बसवण्याचं काम मी स्वतः केलं. इंजिन थंड होऊ दिलं, प्लगपाना आणला आणि पहिली चूक केली. चारही वायरी एकदम उपटल्या. वायर काढायची ती एकेक, टोपी धरून, आणि तो प्लग बदलून ती परत लावायची, हे पहिलीतल्या पोरालाही सुचलं असतं. मी चारही काढून त्यांची वेणी घातली. मग लावताना सरळ डोकं चालवलं : एक, दोन, तीन, चार. किल्ली फिरवताच सायलेन्सरमधून असा बार निघाला की, समोरच्या बंगल्यातल्या आजोबांनी खिडकी उघडून “आलं का कुणी निवडून?” असं विचारलं.

वहीत पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं होतं : १-३-४-२. इंजिनात एक आणि चार हे पिस्टन जोडीनं वर येतात, दोन आणि तीन जोडीनं. त्यामुळे ओळीनं पेटवायची सोयच नाही. आपल्या लग्नातल्या मानपानासारखं आहे हे. आधी थोरले काका, मग मधल्या आत्या, मग धाकटे मामा. वयाच्या क्रमानं कोणी जाऊ म्हटलं तर बार उडतोच.

क्रम सुधारला. गाडी सुरू झाली. उचकी होती तिथंच होती.

गणपती तोंडावर आले होते. उचकीसकट निघालो. सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला दीड हजार वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला पंचवीसदा. आमच्या वेगानं पावणेतीन तास धरले, तर एकेक प्लग अडीच लाखांच्या आसपास ठिणग्या टाकतो. चौघांच्या मिळून दहा लाख. मी हा हिशेब उंब्रजला सौ.ला सांगितला. ती म्हणाली, “त्यातल्या किती पडतायत ते बघा.” कराड ओलांडलं तेव्हा उचकीची ढास झाली होती. पेठ नाक्यावरून आत वळलो आणि आष्ट्याच्या अलीकडे एक सिलिंडर कायमचा रुसला. सांगलीत आम्ही तीन सिलिंडरांवर, मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरच्या चालीनं शिरलो.

सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच ‘सीतास्वयंवर’ केलं. तेव्हापासून ह्या गावात जो तो एक तर नट आहे किंवा टीकाकार. आमची गाडी दारात थांबण्याच्या आत तिच्यावर चार अभिप्राय आले. एकानं कार्बोरेटर सांगितला, एकानं पेट्रोलपंपच बदला म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं सगळं खापर पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवर फोडलं. सांगलीच्या उसापासून झालेली वस्तू सांगलीच्या गाडीला बाधते, हे मला पटेना. पण त्या गृहस्थांचं अगदीच चूक नव्हतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही आणि मिश्रणही थोडं पातळ होतं. फक्त तसं असतं तर चारही सिलिंडर कुरकुरले असते.

चौथा अभिप्राय मेहुण्याचा, आणि तो निकालच होता.

“दाजी, रिंगा गेल्या. नवे प्लग घालून फरक नाही म्हणजे रिंगाच. बोअरचं काम निघणार. चाळीस वर्षांची गाडी, किती दिवस ओढायची? स्क्रॅपला देऊया आता.”

मेहुणा वाईट नाही. अण्णांच्या औषधांचं, दवाखान्याचं सगळं तोच बघतो. गाडीसाठी जागा त्याच्याच अंगणातली जात होती इतकी वर्षं. त्याचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. सौ. माझ्याकडे पाहत होती. मी चपलेकडे पाहत होतो. अण्णा झोपाळ्यावर बसून होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “द्यायची तर द्या. माझं काही नाही. पण तिला काय झालंय ते आधी कळू दे. न कळता देऊ नका.”

मग माझ्याकडे वळून विचारलं, “जुने प्लग टाकलेत का?”

टाकले नव्हते. कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून आणले होते.

“कुठला कुठल्या सिलिंडरचा?”

मी गप्प. चार प्लग, चार कागदाच्या चिठ्ठ्या, एवढं सुचलं नव्हतं. दुसऱ्यांच्या पुस्तकांत पृष्ठ-क्रमांक नाहीत म्हणून मी कितीदा टीका केली आहे.

“बरं, रंग सांगा,” अण्णा म्हणाले.

मी प्लग उजेडात धरला. “अण्णा, ह्याला एक किंचित धूसर, मातकट म्हणावी अशी, पण पूर्ण तपकिरीही नाही…”

“जावईबापू, चहा की कॉफी?”

“चहा. दुधाचा.”

“उत्तम. दुसरा?”

“चहा.”

“तिसरा?”

“चहाच.”

“चौथा?”

“काळा. कोळसा.”

“मग नंबर नसला तरी चालतंय. तिघं एका घरातले आहेत, चौथा वेगळा. बोट लावा त्याला. तेलकट आहे की कोरडं?”

बोटाला काजळी आली, कोरडी, दिव्याच्या वातीसारखी. अण्णांनी तो प्लग हातात घेऊन चाचपला. मग आम्हाला अंगणात चलायला सांगितलं. गाडी चालू ठेवून एकेक वायर काढून पाहायची होती. ज्या वायरीनं इंजिनाचा आवाज बदलतो तो सिलिंडर कामाचा. ज्याच्या जाण्यानं काही फरक पडत नाही, तो बसून खाणारा. ही परीक्षा साहित्यसंस्थांच्या कार्यकारिणीत घेतली तर बरंच इंजिन हलकं होईल, असा एक विचार माझ्या मनात आला आणि त्याच क्षणी माझ्या हातात दहा-बारा हजार व्होल्ट आले. टोपी रबरी पकडीनं धरायची असते. मी नुसत्या बोटांनी धरली होती. सासूबाई आतून “काय पडलं?” म्हणून धावत आल्या. जावईच पडले होते.

“आता शिकलात,” अण्णा म्हणाले.

बसून खाणारा निघाला तिसरा. त्यातला इरिडियम मेहुण्यानं काढला. ओलाचिंब. अण्णांनी तो नाकाशी नेला. मला दिला. मी मेहुण्याला दिला. पेट्रोलचा वास, आणि फक्त पेट्रोलचा.

“रिंगा गेल्या असत्या तर ऑइल वर आलं असतं,” अण्णा म्हणाले. “प्लग तेलकट झाला असता, जुना पण आणि हा पण. इथं पेट्रोल येतंय आणि पेटत नाही. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग ह्यात घालून बघा.” घातला. तिसराच बसून राहिला. म्हणजे प्लगचा दोष नव्हता, जुन्याचाही नव्हता. एवढं पंढरपूर करून मी ज्याला हाकलून दिलं होतं, तो बिचारा नुसता साक्षीदार होता.

संध्याकाळी अंधार पडल्यावर अण्णांनी ओसरीवरचा दिवा घालवायला सांगितला. शेजारच्यांचाही घालवला. मेहुण्यानं गाडी चालू करून ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला. बॉनेटच्या आत मी वाकलो. पण माझ्याआधी अण्णा बोलले. ते चार हात लांब, खुर्चीवर होते.

“टिक्‌ टिक्‌ ऐकू येतंय का?”

मला नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मग ऐकू आलं. बारीक, कोरडं, भिंतीवरच्या पालीनं चुकचुकावं तसं. आणि मग दिसलं : तिसऱ्या वायरीच्या कडेतून इंजिनाच्या लोखंडावर निळी, नखाएवढी ठिणगी उडत होती. प्लगला जायची ती वाटेतच उतरत होती. रबराला तडा गेला होता. चढावर सिलिंडरातला दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात, आणि वीज सोपी वाट धरते. म्हणून आधी फक्त यवतेश्वरला उचकी. पुढं तडा वाढत गेला तशी सपाटीवरही.

कोणी काही बोललं नाही. मेहुण्यानं गाडी बंद केली आणि दिवा लावला. मग म्हणाला, “उद्या सकाळी वायरी आणतो, अण्णा.”

सकाळी आम्ही तिघंही गेलो. जुन्या दुकानात एचटी वायर अजून मीटरवर मिळत होती. अण्णांनी पाच तुकडे कापून घेतले, चार प्लगांचे आणि एक कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतचा, जो सगळे विसरतात. एक गेली म्हणजे बाकीच्या त्याच वयाच्या, एकदम बदलाव्यात. दुकानदारानं कार्बनच्या गाभ्याची आधुनिक वायरही दाखवली. तांब्याच्या तारेतून वीज सरळ जाते, पण तिची खरखर रेडिओत शिरते. कार्बनच्या वायरीत जो रोध असतो तो ती खरखर आवरतो. अण्णांनी तांब्याचीच घेतली आणि टोप्या मात्र रोधवाल्या घेतल्या. “पूर्वी गाडीत सांगली आकाशवाणी लावली की इंजिन किती पळतंय ते बातम्यांत ऐकू यायचं,” ते म्हणाले. “वायरी बांधताना मात्र एकमेकींना चिकटवू नका. शेजारणीची वीज उचलतात.”

अण्णांच्या कपाटात साध्या प्लगांचं एक न फोडलेलं खोकं होतं. त्यांनी स्वतः गेजच्या पत्तीनं फट बसवली, ०.६ मि.मी., डोळ्यांनी नाही, पत्ती अडकून निघताना बोटाला जे कळतं त्यानं. माझे इरिडियम बाहेर आले. इथं न्याय करायला हवा. इरिडियममध्ये खोट काहीच नव्हती. सुसाट आणि रोज चालणाऱ्या गाडीत, जिथं प्लग काढायला अर्धं इंजिन उघडावं लागतं, तिथं तो किमतीला जागतो. आमच्या पद्मिनीत प्लग काढायला पाच मिनिटं लागतात, आणि अण्णांना दर दोन-चार महिन्यांनी ते काढून त्यांची खुशाली विचारायची असते. न झिजणाऱ्या प्लगला काय विचारणार?

तेव्हा माझं परीक्षण असं : गाडी साधी, प्लग साधा. नंबर वहीत असेल तोच. वायरी वेळेवर बदला, आणि प्लगच्या आधी त्यांना तपासा. जुना प्लग टाकण्यापूर्वी वाचा. आणि मी कवितासंग्रहांबद्दल आजवर जे काही लिहिलं आहे, त्यातले बरेचसे दोष बहुधा वायरीचे असावेत.

निघताना गाडी चारही सिलिंडरांवर घुमत होती. मेहुण्यानं स्वतः फाटकापर्यंत चालवत आणली आणि उतरताना बॉनेटवर हात फिरवला. कोणी पाहिलं नाही असं त्याला वाटलं. स्क्रॅपचा विषय निघाला नाही. तो पुन्हा निघणार, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत आहे. चाळीस वर्षांच्या गाडीचा निघतोच. अण्णांनी वही मागून घेतली. तारीख लिहिली, किलोमीटर माझ्याकडून वाचून घेतले, वायरीची किंमत लिहिली. अक्षर ओळीवरून घसरत होतं. मग म्हणाले, “इरिडियमचे किती पडले?”

मी चौथा हिस्सा सांगितला.

“महाग घेतलेत,” अण्णा म्हणाले, आणि लिहून ठेवलं.